चिपाडापासून ग्रंथनिर्मिती : हडपसरकरांसाठी सोपी पद्धत

वनस्पतींपासून घरच्या घरी ग्रंथ तयार करणं अजिबात कठीण नाही. मला सात पानांचा ग्रंथ करायला अवघे 27 दिवस लागले. या अनुभवाच्या बळावर, आणि आमच्या सोसायटीत या विषयातला दुसरा अधिकारी माणूस नसल्यामुळे, पुढील मार्गदर्शन करीत आहे.

साहित्य : उसाची चिपाडं एक पोतं, केळीचे सोपट दोन, भेंडी पाव किलो, धुण्याचा सोडा, स्टीलचं मोठं पातेलं, लाकडी चौकट, मच्छरदाणीची जाळी, जुन्या सुती चादरी, दाभण आणि सहनशील शेजारी. शेवटचा जिन्नस न मिळाल्यास गच्चीची किल्ली स्वतःकडे ठेवावी.

1. कच्चा माल. पूर्वी हडपसरात ऊस शोधावा लागत नसे. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र करून तिथं शहर उभं केलं, त्याआधी तिथं उसाचे फड होते. आता ऊस बघायचा तर रसवंतीवर जावं. सासवड रस्त्याला घुंगरांचा आवाज आला की थांबावं, एक ग्लास रस प्यावा आणि सहज विचारल्यासारखं विचारावं, "चिपाडं देता का?" ‘ग्रंथासाठी हवीत’ असं सांगू नये. मी सांगितलं. रसवंतीवाल्यानं पोतं भरून दिलं आणि रसाचे पैसे घेतले नाहीत. पोतं देतानाची त्याची नजर मात्र सहानुभूतीची होती.

मुळा-मुठेतली जलपर्णी फुकट मिळते म्हणून कोणी मोहात पडेल. तिच्यात सुमारे 95 टक्के पाणी असतं. मुंढव्याच्या पुलाजवळून पोतंभर आणावी, वाळवावी आणि हाती आलेल्या मूठभर काड्यांकडे बघून नदीबद्दल चिंतन करावं.

2. भिजत घालणे. चिपाडातला मऊ भुसा झटकून टाकावा. त्यानं कागद ठिसूळ होतो. उरलेले धागे आणि केळीचे सोपट बोटभर कापून पाण्यात टाकावेत. चिपाडाचा धागा आखूड, केळीचा लांब, म्हणून दोघांची सोयरीक लावायची. हा टप्पा आपल्याला उत्तम जमतो. घोंगडी भिजत ठेवण्याचा दांडगा अनुभव घरोघरी आहे. माझा माल नऊ दिवस भिजला, कारण मधे दोन लग्नं होती.

3. शिजवणे. किलोभर वाळल्या मालाला साधारण 200 ग्रॅम सोडा घालून दोन-तीन तास उकळावं. भांडं अॅल्युमिनियमचं चालत नाही, सोडा ते खातो. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सोसायटीच्या ग्रुपवर ‘कोणाकडे गॅस गळतोय का?’ असा प्रश्न येईल. उत्तर देऊ नये. ‘कोणाचं ड्रेनेज तुंबलंय का?’ असा दुसरा प्रश्न आला की माल शिजला असं समजावं. मग पाणी नितळ येईपर्यंत धुवावं.

4. कुटणे. कसबा पेठेत कागदीपुरा आहे. तिथले कागदी पायानं चालवायच्या जड मोगऱ्याखाली लगदा कुटत. आपल्याकडे मिक्सर आहे. त्यात भरपूर पाणी आणि चिमूटभर लगदा घालावा. मी हे प्रमाण उलट केलं. केळीच्या धाग्यानं पात्याला असा काही फास घातला की मिक्सर एकदा कण्हला आणि गेला. तेव्हापासून घरात चटणी पाट्यावर होते, आणि ती अधिक चांगली होते, असं मी सर्वांना सांगते.

5. पान उचलणे. लगदा टबभर पाण्यात कालवावा. भेंडी चिरून रात्रभर भिजवावी आणि तिचा चीक गाळून त्यात घालावा. त्यामुळे धागे तळाशी बसत नाहीत, पाण्यात तरंगत राहतात. जपानी कागदवाले यासाठी तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा चीक घेतात; ते भेंडीचंच भावंड. आपल्या गुऱ्हाळांत काहिलीतला रस स्वच्छ करायला रानभेंडीचा चीक घालतात. म्हणजे ऊस आणि भेंडी यांची ओळख जुनी आहे, आपण मधे फक्त चौकट घेऊन उभं राहायचं. चौकट तिरकी बुडवावी, आडवी उचलावी आणि पाणी निथळताना एकदा पुढे-मागे, एकदा डावी-उजवीकडे हलवावी. मग पान ओल्या चादरीवर पालथं घालावं.

6. दाबणे, वाळवणे, खळ देणे. चादरींची चवड पाटाखाली ठेवून वर वजन द्यावं. भरलेलं सिलिंडर ठेवू नये. मग गच्चीवर वाळवण. हे काम पालख्यांच्या आत उरकावं. माउली हडपसरहून दिवे घाटाकडे वळतात आणि तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणीकडे जातात, तेव्हा वरून पाऊस हजेरी लावतोच.

तुकोबांची गाथा तेरा दिवस इंद्रायणीत राहून कोरडी वर आली, अशी आपली श्रद्धा आहे. आपला कागद शाईच्या एका थेंबात बुडतो. म्हणून तांदळाच्या पेजेची खळ द्यावी आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडानं घोटावं. त्यालाच जुने लोक घोटीव कागद म्हणत.

माझा हिशेब असा : उचललेली पानं 31. पापडासारखी मोडली 11. चादरीला चिकटून तिच्याशी एकरूप झाली 9. मांजर चालून गेलं 4. ग्रंथास योग्य 7.

7. बांधणी. आळस असेल तर पोथी करावी. सुटी पानं, वर-खाली लाकडी फळी, भोवती लाल रुमाल, की झाली परंपरा. पेशवे दफ्तराचे कागद असेच रुमालांत बांधले जात. हौस असेल तर पानं दुमडून दाभणानं शिवावीत. पुठ्ठ्याला गव्हाच्या पिठाची खळ लावावी. किडे लागू नयेत म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. खळीचं भांडं आणि भज्यांचं पीठ शेजारी ठेवू नये.

8. धाग्यांची कला. घायपाताचा वाख घरात होता. एका मॉलमध्ये कुंडी टांगायची विणलेली दोरी साडेआठशेला बघितली होती, तशी गाठी मारून केली आणि भिंतीवर टांगली. सासूबाई पुरंदरच्या. त्यांनी चष्मा लावून बघितलं. "अगं, हे शिंकं हाय. दूध का न्हाई ठेवलं?"

मी त्यांना फायबर आर्ट म्हणजे काय ते समजावलं. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात मातंगवाड्यात रोज वळायचे की. कासरे, दावी, मुसकी. सुगीला पायली-दोन पायली धान्य द्यायचे त्यान्ला. तवा कुनी भिताडाला न्हाई लावलं." या मुद्द्यावर मार्गदर्शकाकडे उत्तर नाही. वाचकांनी आपापल्या भिंतीकडे बघून घ्यावं.

शंका-समाधान. ‘हे सगळं विकत मिळत नाही का?’ मिळतं. शिवाजीनगरला हातकागद संस्था 1940 पासून आहे. तिथं सुती चिंध्यांपासून कागद होतो, मिक्सर न जाळता. साधी वही हवी असेल तर अप्पा बळवंत चौक आहेच.

‘ग्रंथात काय लिहावं?’ हा सर्वांत अवघड टप्पा. 27 दिवसांच्या कागदावर लिहिण्याइतकं मोलाचं आपल्याकडे काही नसतं, हे पहिल्यांदा तेव्हा कळतं. मी बोरू आणला, तासला, शाई केली आणि ग्रंथ कपाटात ठेवून दिला.

परवा तो स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेला दिसला. पहिल्या पानावर सासूबाईंच्या अक्षरात : ‘सोमवार दीड लिटर. मंगळवार एक. बुधवार आला नाही.’ मी ओरडणार होते. मग आठवलं, पेशवे दफ्तरातही हिशेबांचेच ढीग आहेत, आणि कागदीपुऱ्यातल्या माणसांनी लगदा कुटला तो लोकांनी त्यावर लिहावं म्हणूनच.

शाई फुटलेली नाही. खळ बरोबर बसली आहे. दुधाच्या हिशेबाला सात पानं दिवाळीपर्यंत पुरतील. त्याच्या आत चिपाडं भिजत घालायला हवीत.