दाजींची शुगर

"दाजींचं वय किती, काकू?" मेडिकलमधल्या पोरानं विचारलं.

"अकरा."

त्यानं आधी चिठ्ठीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मिरजेत औषधाच्या काउंटरवर उभा राहणारा माणूस सहसा कशानं दचकत नाही. १८९४ पासून मिशनचं हॉस्पिटल असलेलं हे गाव. इथला रिक्षावालासुद्धा हाडाचा कुठला चांगला आणि किडनीचा कुठला हे न विचारता सांगतो. पण अकरा वर्षांचे दाजी त्यालाही नवीन होते.

"बोका आहे," मी म्हटलं.

माझ्या मागचे गृहस्थ बीपीच्या गोळ्या घ्यायला आले होते. त्यांचं बीपी तिथंच वाढलं असावं.

दाजी हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. घरात काडीचं काम नाही, सगळ्यात मऊ जागा आपली, आणि जेवायला पाच मिनिटं उशीर झाला की तोंड फिरवून बसायचं. दुसरं काय ठेवणार? अकरा वर्षं दूधभात खाऊन दाजींचा तक्क्या झाला होता. मग एकाएकी तक्क्यातला कापूस कमी व्हायला लागला. खाणं तेवढंच, पाणी मात्र न्हाणीतल्या बादलीतून लपालपा. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागले. मला वाटलं वय झालं, माझेही गुडघे असंच करतात. निदान केलं ते मुंग्यांनी. दाजींच्या वाळूच्या घमेल्यापासून उंबऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली, लग्नाच्या पंगतीसारखी. हे चष्मा पुसत म्हणाले, "अगं, ह्याला शुगर आहे."

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आमच्या आधी दोन म्हशी होत्या. दाजी चेनच्या बाजाराच्या पिशवीत. डॉक्टरांनी म्हशीच्या पोटातून काढलेला हात धुतला आणि त्याच हातानं दाजींना इतकं अलगद उचललं, की मला पहिल्यांदा दाजींचा हेवा वाटला. शुगर ३४०. मांजराची शुगर नुसत्या भीतीनंही एवढी चढते म्हणे. पण लघवीत साखर, वजन उतरलेलं, चाल बिघडलेली, म्हणजे शंका नको.

"पण साहेब, गोड तर आम्ही त्याला कधी दिलं नाही."

"दिलं असतं तरी त्याला कळलं नसतं," डॉक्टर म्हणाले. "मांजराला गोड चव लागतच नाही."

हे मी घरी येऊन दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले. गोडाची चव ओळखणारं जे जनुक असतं, ते मांजराच्या जातीत मोडकं आहे. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. वाघालाही नाही, चित्त्यालाही नाही. म्हणजे श्रीखंड नाही, पुरणपोळी नाही, साधा गुळाचा खडा नाही, आणि तरी मधुमेह! मजा न करता शिक्षा. माझ्या नात्यात असे दोनतीन पुरुष आहेत, पण त्यांनी निदान इच्छा तरी केली होती.

"दूधभात बंद. अंडं, चिकन. आणि इन्सुलिन, दिवसातून दोनदा, बारा बारा तासांनी, एकेक युनिट. टोचायला जमेल का ताई?"

मी ताठ झाले. "साहेब, मी कंपाउंडरची मुलगी आहे."

इथं मला नानांबद्दल सांगावंच लागेल. नाना तासगावात एका डॉक्टरांकडं एकतीस वर्षं कंपाउंडर होते. आता कंपाउंडर ही जातच उरली नाही, त्यामुळं तो काय असतो हे नातवंडांना सांगायचं तर डायनासोरपासून सुरुवात करावी लागते. पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग, अंगाला स्पिरिटचा वास. सकाळी आठला स्टोव्ह पेटवायचा आणि स्टीलच्या डब्यात काचेच्या सिरिंजा उकळत ठेवायच्या. त्या उकळताना एकमेकींवर आपटून किणकिणायच्या. मला तो आवाज देवघरातल्या घंटेपेक्षा जास्त ओळखीचा. सुया बोथट झाल्या की नाना त्या बारक्या दगडावर घासायचे आणि टोक कापसावर ओढून बघायचे, तंतू अडकला की पुन्हा घासायचे. त्याच सुया, त्याच सिरिंजा, वर्षानुवर्षं. मग मिक्श्चर. मोठ्या बरणीतलं लाल पाणी प्रत्येकाच्या बाटलीत. बाटली ज्याची त्यानं घरून आणायची, बूच विसरला तर कागदाची गुंडाळी. बाटलीला कागदाची पट्टी डकवायची, डोसाच्या खुणांसाठी दोन्ही कडांना कात्रीनं खाचा पाडलेली. त्या पट्ट्या कापायचं काम माझं. घडी घालून एका कापात सहा खाचा पाडायची युक्ती मी सातव्या वर्षी शोधली. ती अजून मला येते आणि आता ती जगात कोणाच्याच उपयोगाची नाही.

आणि मापाचा ग्लास. तो नाना कधी टेबलावर ठेवून बघायचे नाहीत. डोळ्याच्या रेषेत उचलून धरायचे, एक डोळा मिटून. "वरून बघितलं की जास्त दिसतं, खालून बघितलं की कमी," म्हणायचे. "समोरून बघायचं." पेशंट खोकत उभा असायचा, नाना ग्लासाकडं बघत असायचे.

एवढं सगळं सांगितलं, पण एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नाही. नानांनी उभ्या गावाला टोचलं, पण मला आयुष्यात एकदाही सुईला हात लावू दिला नाही.

तर पहिल्या दिवशी दाजींची शुगर मोजायची होती. मांजराच्या कानाच्या कडेला टोचतात. कान आधी गरम फडक्यानं शेकायचा, मग मागं बोट धरून कडेला बारीक टोचायचं, थेंब आला की स्ट्रिप लावायची. मी टोचलं, थेंब आला, यंत्र म्हणालं १०४. एका दिवसात ३४० वरून १०४! मी शेजारणीला बोलावलं, बहिणीला फोन केला, कंपाउंडरचं रक्त म्हणजे काय ते दोघींना समजावून सांगितलं. तेवढ्यात ह्यांनी माझं बोट दाखवलं. सुई कानातून आरपार जाऊन मला लागली होती, आणि दाजींच्या कानावर थेंबाचा मागमूसही नव्हता. माझी शुगर उत्तम आहे.

इन्सुलिनचं मात्र जमलं. मानेजवळची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि खाली टोचायचं. दाजी तेव्हा ताटलीत तोंड घालून असतात. तिसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "बघा, एवढं टोचते तरी माझ्यावर राग नाही. मुक्या जनावराला माया कळते." हे म्हणाले, "उद्या ताटली रिकामी ठेवून टोच." मी तो प्रयोग अजून केलेला नाही.

आता पैसे. हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. ईपीएस-९५ ची पेन्शन किती असते हे ज्यांना मिळते त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही. घराला हातभार माझ्या शिलाई मशीनचा. त्यामुळं आमच्या घरात रुपया हे चलन नाहीच, फॉल-पिको आहे. एका साडीचं फॉल-पिको नव्वद रुपये. पन्नास स्ट्रिपांचा डबा म्हणजे दहा साड्या. महिन्याच्या साठ सिरिंजा म्हणजे सहा साड्या. चिकनचा खर्च आणखी वेगळा, आणि ते आणायला जातात गळ्यात तुळशीची माळ असलेले आमचे हे. माळ शर्टाच्या आत टाकतात आणि दुकानदाराला न विचारता सांगतात, "मांजरासाठी." दुकानदार म्हणतो, "सगळे असंच म्हणतात, बाबा."

इन्सुलिनची कथा तर निराळीच. तीन मिलीच्या काडतुसात तीनशे युनिट असतात. फोडल्यावर अठ्ठावीस दिवसांत संपवा, असं खोक्यावर छापलेलं. दाजींना दिवसाला दोन युनिट, म्हणजे अठ्ठावीस दिवसांत छप्पन्न. उरलेली दोनशे चव्वेचाळीस गटारात? ज्या घरात साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवतात, त्या घरात? ह्यांनी हा हिशेब वेबिलासारखा मांडून डॉक्टरांपुढं ठेवला. डॉक्टर हसले. फ्रिजमध्ये नीट ठेवा, गढूळ दिसलं की लगेच फेका, आणि शुगर मोजत राहा, तोवर चालवू, म्हणाले. सिरिंज मात्र दर वेळी नवी, त्यात काटकसर नाही. मी स्टीलचा डबा काढून ठेवला होता, तो गुपचूप परत फळीवर गेला.

ज्या बँटिंगनं आणि त्याच्या सोबत्यांनी टोरांटोत इन्सुलिन शोधलं, त्यांनी १९२३ मध्ये त्याचे हक्क विद्यापीठाला एकेक डॉलरला विकले. आजच्या भावानं एक फॉल-पिको. तो माणूस आमच्या गल्लीत राहायला हवा होता.

गल्लीतली बाकीची माणसं सल्ला मात्र फुकट देत होती. "एवढ्या पैशात दुसरी चार मांजरं येतील की हो!" मांजरं कुठून पैशानं येतात? ती नको असताना फुकट येतात. पण भांडी घासायला येणाऱ्या मावशी बोलल्या ते लागलं. "मांजराला सुई, वैनी? आमच्या सासूला दवाखान्यात गोळी मिळंना, परत पाठवलं दोनदा." मी चिडले. माझी शिलाई, माझे पैसे, मी काय चोरून आणते का? असं सगळं मनातल्या मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं ते इतकंच, की मावशी, तुमची बघू का एकदा? नवी सुई लावली, नवी स्ट्रिप. ३१२.

मावशींनी यंत्राकडं बघितलं. "मांजराची किती हुती?"

"तीनशे चाळीस."

"मग मी बरी हाय," म्हणाल्या आणि उठून कढईला लागल्या.

त्या कढई घासत होत्या आणि मी उभी होते. दोन वर्षं रोज माझ्यासमोर चार चार तांबे पाणी पीत होत्या त्या. उन्हातून येतात म्हणून, असं मी धरून चालले होते. मुंग्यांइतकीही माझी नजर नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी सिव्हिलला गेले. आता सासू-सून दोघी गोळ्या घेतात, मिळाल्या तर. दर सोमवारी आमच्याकडं कान आणि बोट अशी दोन मोजमापं होतात, आणि मावशी आपला आकडा ऐकायच्या आधी दाजींचा विचारतात.

मग ती रात्र. शंभरच्या सिरिंजा संपल्या होत्या. त्यांची टोपी केशरी असते. पोरगा म्हणाला, "काकू, चाळीसच्या आहेत, लाल टोपीच्या. पण ह्या इन्सुलिनला नका वापरू हं." मी म्हटलं, "एक युनिट म्हणजे एक रेघ, बाळा. मी कंपाउंडरची मुलगी आहे." सात वाजता लाल टोपीच्या सिरिंजेत बरोबर एक रेघ भरली आणि टोचली. दाट औषध, पातळ औषधाची सिरिंज: त्या एका रेघेत अडीच युनिट मावतात, हे मला अकराच्या सुमाराला कळलं, जेव्हा दाजी भिंतीला खेटून चालायला लागले आणि मग चालायचे थांबले. शुगर ३८.

डॉक्टरांनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. हिरड्यांना मध चोळा, घशात ओतू नका. मध नव्हता, काकवी होती. बोटानं काकवी घेऊन मी त्याच्या हिरड्यांवर चोळत बसले. दाजींची जीभ नुसती हलत होती. एवढी चांगली काकवी, आणि त्याला तिची चवच नाही, हे कळत असूनही मी त्याला सारखं म्हणत होते, "गोड आहे रे, गोड आहे, घे." हे शेजारी बसून दर वीस मिनिटांनी स्ट्रिप पुढं करत होते. एकही अक्षर बोलले नाहीत. नाना असते तर बोलले असते. पहाटे तीनला दाजींनी अर्धं अंडं खाल्लं आणि माझ्या बोटाला चावले. इतका छान चावा मला कधी कोणी घेतला नाही.

सकाळी ह्यांच्या वहीत नोंद होती: स्ट्रिपा ११ × १८ = १९८. खाली, बारीक अक्षरात: 'कंपाउंडर फी माफ.'

लाल टोपीच्या नऊ सिरिंजा दुकानदारानं परत घेतल्या नाहीत. त्यांतून मी आता मशीनला तेल घालते. अगदी आतल्या सांध्यापर्यंत थेंब जातो, नेमका.

पुढचे दोन डोस डॉक्टरांनी थांबवायला सांगितले होते. तिसऱ्याला केशरी टोपीची सिरिंज घेतली तेव्हा हात कापत होता. मी जमिनीवर बसले. सिरिंज दिव्यासमोर उचलली, डोळ्याच्या रेषेत, एक डोळा मिटला. बुडबुडा काढला. पुन्हा बघितलं. वरून नाही, खालून नाही, समोरून. एक युनिट, केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

मिटलेला डोळा उघडून खाली बघितलं, तर ताटली चाटूनपुसून लख्ख, आणि दाजी पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथं माझा हात पोचत नाही.