कपाटावरचा डबा

आमच्या घरी औषधांचा एक डबा आहे. मूळचा दिवाळीत आलेल्या बिस्किटांचा. मुलांचा हात पोचू नये म्हणून तो कपाटावर गेला. पुढे मुलं मोठी झाली, नोकरीला लागली. डबा मात्र तिथंच राहिला. आता माझाच हात पोचत नाही. गुडघ्यांमुळे स्टुलावर चढणं बंद, आणि गुडघ्यांचं मलम त्याच डब्यात!

परवा कुकरची वाफ माझ्या हातावर आली. भाजलेला हात एक आणि वैद्य तीन. "अहो, टूथपेस्ट लावा," ही म्हणाली. "आमच्या वेळी शाई लावायचे," आई म्हणाली. शेजारचे काका बर्फ घेऊन आले. शेवटी लेकीनं फोनवरून सगळ्यांना गप्प केलं. "बाबा, काहीही लावू नका. हात वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा."

वीस मिनिटं नळाखाली हात धरून उभं राहिलं की कुणालाही वैचारिक बैठक येते. पाणी वाया जातंय म्हणून आईनं खाली बादली सरकवली. हिनं डबा उतरवला आणि एकेका वस्तूचं जाहीर वाचन सुरू केलं. 2019 सालचं खोकल्याचं औषध. सेल संपलेला थर्मामीटर. न चिकटणारी चिकटपट्टी. नेमकी तारखेच्या बाजूनं कापलेली गोळ्यांची पट्टी. हा औषधांचा डबा नव्हताच, आमच्या आजारपणांचं वस्तुसंग्रहालय होतं.

मला आजीचा बटवा आठवला. त्यातली सुंठ, ओवा, जायफळ सगळ्या दुखण्यांना पुरत होती असं नाही. पण बटवा कमरेला होता आणि त्यात काय आहे ते आजीला अंधारातही कळायचं. जुलाब झाले की साखर-मिठाचं पाणी हे तर साध्या घरातलं औषध. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मीठ-सोड्याचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. घरी करायचं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. एवढं पाठ असलं तरी घर निम्मं तयार.

उरलेलं निम्मं तपासणीचं. रक्तदाब मोजून घ्या म्हणून ही दोन वर्षं मागे लागली होती. मला काही होत नाही म्हणून मी तपासलं नाही, आणि तपासलं नाही म्हणून मला काही होत नव्हतं! हात दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला. 150 वर 96. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी.

आता डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर, आईच्याही हाताला येईल असा आहे. नातवंडं आली की तेवढे दिवस तो वर जाईल. फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी 108 आलाय, ठळक अक्षरांत. खाली आईच्या गोळ्यांची नावं आणि सगळ्यांचे रक्तगट. दर सहा महिन्यांनी तारखा बघायचं काम माझ्याकडे.

तुमचाही डबा असेलच कपाटावर. आज संध्याकाळी खाली काढा. फक्त चढताना कुणाला तरी स्टूल धरायला सांगा.