बाहीवाचून अडत नाही

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत थंडी येते, पण मुक्कामाला राहत नाही. धान कापून होतं, दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे नाटकांच्या जत्रा, गावोगावी भरू लागतात, तेव्हा ती येते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हाडं गोठवते आणि होळीची वाट न पाहता निघूनही जाते. पुढे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की ‘स्वेटर’ म्हटलं तरी घाम फुटतो. अशा गावात मैत्रिणीला हातानं विणलेलं लोकरी काहीतरी द्यायचं मनावर घेणारी बाई धाडसीच म्हणायची.

पहिलं संकट मापाचं. स्वेटर म्हणजे पाठ, पुढा, दोन बाह्या आणि गळा. त्याला छातीचा घेर लागतो. तो विचारला की भेटीचं गुपित फुटतं. न विचारता, वाळत घातलेल्या ब्लाउजावरून अंदाज बांधला आणि स्वेटर सैल झाला, तर ऐकून घ्यावं लागतं, “मले एवढी जाडी समजली का वं?” तंग झाला तर मैत्रीण काहीच बोलत नाही, आणि ते जास्त महाग पडतं. दुसऱ्या बाहीची तर गोष्टच वेगळी. पहिली विणताना हात आवळलेला असतो, दुसरीपर्यंत विणणारी सरावते, हात सैल सुटतो आणि टाके तेवढेच असूनही बाही लांब होते. इंग्रजी मुलखात ‘स्वेटरचा शाप’ नावाची समजूतच आहे : प्रियकराला स्वेटर विणून दिला की प्रेम तुटतं. शापबिप काही नसावा. एवढ्या बाह्या होईतो कोणाचाही धीर सुटेल.

बाह्यांचं हे लचांड मुळात लढाईतलं. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात इंग्रजांचे सेनापती होते लॉर्ड रॅग्लन. त्यांचा उजवा हात वॉटर्लूला गेलेला. गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी शिवण जाणारी बाही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. त्यांच्या हाताखाली घोडदळाच्या त्या प्रसिद्ध आत्मघातकी हल्ल्याचं नेतृत्व करणारे लॉर्ड कार्डिगन. पुढून उघडणारा स्वेटर त्यांच्या नावे जमा झाला. हल्ला झाला तो बालाक्लाव्हाजवळ, आणि आपली माकडटोपी इंग्रजीत त्या गावाचं नाव लावून फिरते. घोडेस्वारांच्या वाट्याला काय आलं ते इतिहासात आहेच. शिंप्यांना आणि विणणाऱ्यांना मात्र भरपूर काम मिळालं.

विकतचं घ्यायचं तर उत्तर फार लांब नाही. नवेगावबांधच्या पलीकडे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता; गोंदिया जिल्हा वेगळा झाला १९९९ मध्ये. देशभरच्या अशा वसाहतींमधल्या अनेक कुटुंबांचा हिवाळी धंदा म्हणजे शहरोशहरी स्वेटर विकणं. माल बहुतेक लुधियान्याच्या गिरण्यांचा, दोन्ही बाह्या सारख्या लांबीच्या. त्यांच्याशी बरोबरी करायला जाणं हातानं विणणाऱ्या बाईला परवडणारं नाही.

म्हणून शहाण्या बाईनं बाह्यांच्या वाटेलाच जाऊ नये. सरळ लांबट पट्टी विणावी : दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. एका आखूड कडेला पाच-सहा मोठी बटणं लावावीत. वीण सैल असली की टाक्यांमधल्या फटीच काजांचं काम करतात. खांद्यावर टाकली की शाल. पट्टीची कड वळवून लांब बाजूला बटणं अडकवली की डोक्यातून घालायचा पोंचो. गळ्याभोवती दोन वेढे दिले की मफलर, डोक्यावरून ओढली की कानटोपी. मैत्रीण दसऱ्याला किती जाड होती आणि संक्रांतीला किती झाली, हा प्रश्नच उरत नाही.

सुई ८ नंबरची बरी. सुयांच्या जुन्या इंग्रजी मापात आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर ४ मिलिमीटरची, १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची. हा न्याय कोणी लावला देव जाणे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशीच विणत गेलं तर पट्टीच्या कडा पापडासारख्या वळतात. म्हणून चारही बाजूंना थोडी किनार जाता-येता दोन्हीकडून सुलटच विणावी, ती सपाट बसते. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्यावेत. नाहीतर शेवटचा गुंडा आणायला नागपूरपर्यंत शंभर किलोमीटर जावं, आणि नेमका तोच रंग एक छटा गडद निघावा!

बाजारात लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अॅक्रिलिक असतो; मेंढीचा त्याच्याशी संबंध नाही, तो खनिज तेलाच्या घराण्यातला. त्याला कसर लागत नाही, धुवायला सोपा. पण शेकोटीची ठिणगी पडली की वितळतो. आणि साकोलीकडच्या थंडीत शेकोटी टळत नाही. तेव्हा सुती धागा निवडावा, हे जास्त पटतं. उबेत थोडा कमी, पण बारा महिने कामाचा.

कारण या पट्टीची खरी परीक्षा मंडईत होते. रात्री दहाच्या पुढे सुरू झालेलं झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचं, नाटक पहाट झाल्याशिवाय संपत नाही. तेवढ्या वेळात ती पट्टी आधी बसायला, मग पांघरायला, दुसऱ्या अंकात झोपलेल्या पोराच्या अंगावर आणि नायिकेवर संकट आलं की डोळे पुसायला लागते. पिटेझरी फाटकातून नागझिरा अभयारण्यात शिरणाऱ्या उघड्या जिप्सीत, पहाटेच्या वाऱ्याला, कान तीच झाकते. मे महिन्यात तीच ओली करून डोक्या-तोंडाला गुंडाळली की दुपारी स्कूटीवरून बँकेत जाता येतं. भंडाऱ्याच्या सत्कारांत उन्हाळ्यातही खांद्यावर पडणाऱ्या शाली कपाटातून बाहेर येत नाहीत; या पट्टीवर ती पाळी येणार नाही.

मैत्रिणीला द्यायचीच असेल, तर पोळ्याचे बैल घरी परतले की टाके सुईवर घ्या, म्हणजे मंडईपर्यंत होईल. बटणं मात्र विणायच्या धाग्यानं नको, शिवायच्या पक्क्या दोऱ्यानं लावा.