पणकसे, मुक्काम पार्सिपनी

पार्सिपनीत चार मराठी कुटुंबं एखाद्या बेसमेंटमध्ये सिनेमा बघायला जमली, की त्यांत एक पणकसे असतातच. हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते दारातल्या टपालपेटीवर आहे. अवकाशयान उडाल्यावर पाचव्या मिनिटाला सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यातून "पण कसं?" असा जो आवाज येतो, त्यावरून कुणा चावट माणसानं हे नाव ठेवलं. ते असं काही फिट्ट बसलं की गावात नव्यानं आलेली मंडळी "पणकसे म्हणजे मूळचे कुठले?" म्हणून विचारतात. मूळचे मिरजेचे.

वय पन्नाशीच्या पुढे, अंगात बारा महिने तेच राखाडी फ्लीसचं जॅकेट, चष्मा कपाळावर. शंका आली की पहिल्यांदा चिवडा थांबतो. मूठ वाटी आणि तोंड यांच्यामध्ये अधांतरी राहते, चष्मा घरंगळून नाकावर येतो, आणि उजवा अंगठा पॉजचं बटण शोधू लागतो. हे ओळखून यजमान रिमोट आधीच उशीखाली सारून ठेवतात. पण पणकसे त्यांच्याही पुढचे. त्यांनी ज्या ज्या घरी जेवण केलंय, त्या त्या घरच्या टीव्हीचं अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये आहे. दोन तासांचा सिनेमा त्यांच्या उपस्थितीत चार तास चालतो, आणि मुलं मध्येच उठून झोपायला जातात.

सायन्स फिक्शन त्यांना आवडत नाही असं कुणी समजू नये. आवडतं म्हणून तर हा छळ. प्रेमकथा लावा, पणकसे दहाव्या मिनिटाला घोरतात. यंत्र दिसलं की मात्र टक्क जागे. 'मॅट्रिक्स'मध्ये यंत्रं माणसांना टाक्यांत ठेवून त्यांच्यापासून वीज काढतात. "अहो, माणसाला जेवढं खायला घालाल त्याहून कमीच ऊर्जा परत मिळणार. मग तेच अन्न सरळ जाळा की! माणूस कशाला मध्ये?" यावर वहिनी वरून, स्वयंपाकघरातून म्हणतात, "ते मला लग्न झाल्यापासून माहीत आहे." 'ग्रॅव्हिटी'त अंतराळवीर हबल दुर्बिणीपासून तरंगत अंतराळ स्थानकाकडे निघतात. पणकसे उठून उभे राहतात. हबलची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांत कललेली, स्थानकाची जवळजवळ बावन्न. "80 आणि 287 हे हायवे आपल्या इथे एकमेकांना छेदतात, म्हणून कुणी एकावरून उडी मारून दुसऱ्यावर जातं का? रॅम्प लागतो!" आणि रॅम्पवर अर्धा तास, असं बाकीचे मनात म्हणतात.

'मिस्टर इंडिया'सुद्धा त्यांनी सोडला नाही. 1987 साली याच सिनेमाला त्यांनी मिरजेत शिट्ट्या मारल्या होत्या, असं वहिनी सांगतात. आता म्हणणं असं की, माणूस अदृश्य म्हणजे प्रकाश त्याच्या आरपार. मग तो डोळ्यांतल्या पडद्यावरही थांबणार नाही. म्हणजे अनिल कपूर ठार आंधळा! "मोगॅम्बोच्या अड्ड्यावर तो भिंती चाचपडत यायला हवा होता." हे चूक नाही, हीच तर अडचण आहे. पणकसे चुकले असते तर त्यांना गप्प करता आलं असतं.

आता खरं सांगायचं तर या रोगाची लागण सगळ्यांनाच आहे, फक्त प्रत्येकाची जागा ठरलेली. आमच्या घोळक्यात एक भूलतज्ज्ञ बाई आहेत. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारी यानं, काळात मागे जाणारी मोटार, सगळं त्या शेंगदाणे खात आनंदानं गिळतात. पण मॉनिटरवर सरळ रेषा आली आणि पडद्यावरच्या डॉक्टरनं छातीला शॉक दिला, की बाई कळवळतात: "सरळ रेषेला शॉक नाही देत रे!" दुसरे एक जण विम्यात आहेत. सुपरहिरोंच्या मारामारीत ते फक्त पडलेल्या इमारती मोजतात. ज्याचं जिथं पोट भरतं तिथं तो थाप खपवून घेत नाही. पणकश्यांचं दुर्दैव इतकंच की ते कॉम्प्युटरमध्ये आहेत, आणि सायन्स फिक्शनमध्ये कॉम्प्युटर नाही असा सिनेमा शोधून सापडायचा नाही.

'इंडिपेन्डन्स डे'चं नाव त्यांच्यासमोर काढू नये. परग्रहावरून आलेल्या महाकाय यानात आपला हिरो साध्या अ‍ॅपल लॅपटॉपवरून व्हायरस सोडतो आणि तो लागलीच चालतो. "पासवर्ड? प्रोटोकॉल? आमच्या ऑफिसात एकाच मजल्यावरचा प्रिंटर ओळख देत नाही!" 'जुरासिक पार्क'वरही त्यांचा असाच राग होता. त्यात ती शाळकरी मुलगी पडद्यावरच्या ठोकळ्यांवरून उडत जाऊन फाइल शोधते आणि हे युनिक्स आहे असं सांगते, त्याची ते वर्षानुवर्षं टर उडवत. मग कुणीतरी पुरावा काढला की सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा असा फाइल बघायचा प्रोग्राम खरोखरच होता, सिनेमावाल्यांनी तो नुसता दाखवला. त्या दिवसापासून 'जुरासिक पार्क' त्यांच्या यादीतून नाहीसा झाला आहे. डायनॉसोरसारखाच, कारण न देता.

पणकसे इथे आले ते वायटूकेच्या लाटेत. जुन्या प्रोग्रामांनी सालाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले, 99 नंतर 00 आलं की यंत्राला ते 1900 वाटणार, आणि बँका, विमे, पगार सगळ्यांचा बोऱ्या. हे निस्तरायला भारतातून जी पोरं विमानं भरभरून आली, त्यांतले हे एक. वर्षभर रात्रीचे दिवस करून त्यांनी कोबॉल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतल्या ओळी तपासल्या. 31 डिसेंबर 1999 ची रात्र ऑफिसात काढली. बारा वाजले. काही झालं नाही. काही होऊ नये म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. पण दुसऱ्या दिवसापासून जग म्हणू लागलं, उगाच बोंब मारली होती की! हा घाव त्यांच्या जिव्हारी लागलाय. सिनेमात शहरं उद्ध्वस्त झाल्याशिवाय कुणी हिरो होत नाही, आणि ज्यानं उद्ध्वस्त होऊ दिलं नाही त्याचं नावही पाटीवर येत नाही, हे त्यांचं सिनेमाबद्दलचं खरं भांडण आहे असं मला वाटतं. कक्षेचे अंश वगैरे वरवरचं.

एप्रिल 2020 मध्ये न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी टीव्हीवरून कोबॉल येणाऱ्यांना मदतीची हाक दिली. करोनात बेकारभत्त्याचे अर्ज इतके आले की राज्याची चाळीस-चाळीस वर्षांची मेनफ्रेम यंत्रणा गुदमरली. ती बातमी पणकश्यांनी वहिनींना तीनदा वाचून दाखवली. "बघ, राज्यपाल बोलावतायत!" वहिनी म्हणाल्या, "आधी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवून या."

घरी पाहुणा आला तर बाकीचे लोक त्याला मॅनहॅटन दाखवतात, पणकसे बूनटनच्या जलाशयावर नेतात. पार्सिपनीच्या कुशीला लागून हे मोठं तळं आहे. पाणी आपल्या दारातलं, पिते जर्सी सिटी. 1908 साली डॉ. जॉन लील यांनी इथल्या पाण्यात क्लोरीन मिसळायला सुरुवात केली. शहराचं पिण्याचं पाणी असं रोजच्या रोज निर्जंतुक करण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ. जर्सी सिटीनं पाणी कंपनीवर खटला भरलेला होता, आणि कंपनीचे सल्लागार असलेल्या लील यांनी शहराला न विचारताच हे सुरू केलं होतं. पुढे कोर्टात शांतपणे सांगितलं की होय, घालतोय, आणि घरच्यांना हेच पाणी पाजायला मला हरकत नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या पाहुण्याला पणकसे विचारतात, "किती लोक टायफॉइडनं मेले नाहीत! काढलाय यावर कुणी सिनेमा?" पाहुणा म्हणतो, नाही. त्याला गाडीत बसायचं असतं.

न्यू जर्सीच्या बाबतीत तर ते फारच हळवे. 30 ऑक्टोबर 1938 ला ऑर्सन वेल्सनं रेडिओवर मंगळावरच्या स्वारीचं नाटक केलं आणि अनेक श्रोत्यांच्या तोंडचं पाणी पळालं, हा किस्सा जगाला माहीत आहे. त्यातले मंगळवासी उतरतात ते आमच्याच राज्यात, प्रिन्स्टनजवळच्या ग्रोव्हर्स मिलला. पणकश्यांनी ते ध्वनिमुद्रण नीट ऐकलं. मंगळवासी आले, त्यांनी काही हरकत घेतली नाही. उष्णकिरणांनी माणसं जाळली, तेही चालवून घेतलं. पण त्यातला बातमीदार सांगतो की प्रिन्स्टनहून इथवरचे अकरा मैल आम्ही दहा मिनिटांत आलो. मूठ अधांतरी! "अकरा? अंतर त्याच्या निम्मंही नाही! आणि दहा मिनिटांत? प्रिन्स्टनमधून?"

मुलगी रटगर्सला शिकते. ती सुट्टीत घरी आली की बापलेकीचा सामना रंगतो. "बाबा, इट्स जस्ट अ मूव्ही" हे तिचं जुनं अस्त्र बोथट झालं, तेव्हा तिनं नवीन काढलं. 'स्टार ट्रेक'मध्ये माणसाचे कण करून दुसरीकडे पाठवतात. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे हे जमणार नाही असा आक्षेप येणार हे ओळखून त्या लोकांनी यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक भागच बसवून टाकला. तो चालतो कसा, असं मालिकेच्या मायकेल ओकुडांना विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की छान चालतो. मुलीला वाटलं, आता बाबा भडकणार. पणकसे खूश! "हा माणूस व्हेंडर असणार. आमचे सगळे व्हेंडर हेच सांगतात." आणि मुळात हे यंत्र आलं कशामुळे, तर प्रत्येक भागात यान ग्रहावर उतरताना दाखवायचा खर्च परवडत नव्हता म्हणून, हे कळल्यावर तर त्यांनी 'स्टार ट्रेक'ला कायमची माफी दिली. बजेट हे कारण त्यांना पटतं.

त्यांचं दैवत नारळीकर. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, नारायण विनायक जगताप या नावानं, आणि पहिला नंबर आला. पणकसे हे सांगताना 'जगताप' शब्दावर आवाज चढवतात. विज्ञानकथा असावी तर अशी, पाया पक्का. मी एकदा विचारलं, "मग 'झपाटलेला'चं काय?" कारण तो सिनेमा ते दर दिवाळीत बघतात, एकदाही न थांबवता. तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो, त्यावर "पण कसं" नाही? पणकसे वांग्याच्या भाजीत पोळी बुडवत म्हणाले, "त्यात काय? नियम सांगितलाय ना. ज्याला पहिल्यांदा गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात जाता येतं, आणि भुवयांच्या मध्ये गोळी लागली की संपला. शेवटपर्यंत पाळलाय." एवढं बोलून त्यांनी भाजी मागितली. वर्षानुवर्षं ज्या प्रश्नावर आमची डोकी खाल्ली त्याचं उत्तर आपणच देऊन मोकळे झालो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. यंत्र खोटं असलं तरी चालेल, फक्त त्याचा कायदा मध्येच बदलू नका. मंत्रानं चालणाऱ्या बाहुल्यानं तो पाळला, कोट्यवधी डॉलरच्या यानांनी नाही.

'इंटरस्टेलर'च्या वेळी त्यांच्या आई आलेल्या होत्या, मिरजेहून, सहा महिन्यांसाठी. सिनेमाला किप थॉर्नसारखा पदार्थवैज्ञानिक सल्लागार, त्यामुळे पणकसे जरा आदरानं बसले होते. कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं, हे त्यांनी आईंना समजावलं. आईंना समजवावं लागलंच नाही. ब्रह्मदेवाचा दिवस त्यांना पाठ. त्यांनी एवढंच विचारलं, "मग हा घरी कधी जाणार?" पुढे तो प्रसंग आला. नायक यानात परततो, तेवीस वर्षांचे निरोप साठलेले, एकेक बघतो, पोरं मोठी होत जातात. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बराच वेळ काही नाही. मग छताकडे बघत, घसा खाकरून, पणकसे म्हणाले, "तेवीस वर्षांनी तोच फॉरमॅट उघडतो, हे काही पटत नाही." आई म्हणाल्या, "उघडतो रे. गप बघ."

गेल्या वर्षी मात्र आम्हीच त्यांना पेचात पकडलं. एवढं कळतं तर मंडळाच्या गणेशोत्सवासाठी एक बिनचूक विज्ञान-एकांकिका लिहून दाखवा. त्यांनी लिहिली. एक लघुग्रह पृथ्वीकडे येतोय. 'आर्मगेडन'मध्ये तेलविहिरी खणणाऱ्यांना लघुग्रहावर भोक पाडायला पाठवतात तसला वेडेपणा नाही. लघुग्रह बारा वर्षं आधी सापडतो. पहिल्या प्रवेशात समिती नेमतात. दुसऱ्यात निविदा. तिसऱ्यात नासाच्या डार्ट यानाचा दाखला: 2022 साली त्यानं डायमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहाला धडक दिली आणि त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासानं कमी झाली, ही आकडेवारी नायक तक्त्यासह वाचतो. चौथ्यात यान सुटतं, लघुग्रह किंचित सरकतो आणि बारा वर्षांनी मुकाट्यानं बाजूनं निघून जातो. पृथ्वीवर कुणाला काही कळत नाही. पडदा.

बेसमेंटमध्ये वाचन झालं. सगळे अदबीनं ऐकत होते. तक्त्यावर कुणी हूं की चूं केलं नाही, गुरुत्वाकर्षणाचं गणित तर बिनविरोध मंजूर झालं. मग नायक व्हर्जिनियातल्या वॉलप्स बेटावरच्या तळाकडे उड्डाणासाठी निघतो, शुक्रवारी दुपारी चारला पार्सिपनीहून, आणि रात्री आठला पोचतो, हे वाक्य आलं. आणि बेसमेंट खवळलं. "शुक्रवारी? 287 वरून?" "तेही मेमोरियल डेच्या वीकेंडला?" "टर्नपाइक रिकामा होता काय?" भूलतज्ज्ञ बाई तर उठून उभ्या राहिल्या. विमेवाल्यांनी फोनवर नकाशा काढून सिद्ध केलं की चार तासांत तो फार तर डेलावेअर मेमोरियल पुलाच्या रांगेत असेल. पणकसे कागद हातात घेऊन प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग त्यांनी पेन काढलं आणि म्हणाले, "बरोबर आहे."

दुरुस्ती त्यांनी त्याच रात्री केली. आता नायक ट्रॅफिकमध्ये अडकतो आणि त्याचं उड्डाण चुकतं. तळावर हजर असलेली दुसरी एक बाई, जी आदल्या दिवशीच येऊन राहिली होती, बटण दाबते आणि काम होतं. एकांकिका चाळीस मिनिटांवरून बावीसवर आली. मंडळाच्या कार्यकारिणीनं ती एकमतानं निवडली आहे, कारण त्यामुळे जेवण वेळेवर सुरू होतं.