रंकाळ्याकाठी भाड्याचं घर, पार्किंगसह

कोल्हापुरात रंकाळ्याच्या आसपास भाड्यानं घर मिळवणं फारसं अवघड नाही. गाडीसकट मिळवणं हे मात्र शास्त्र आहे, आणि ते अजून कुणी लिहून ठेवलेलं नसल्यामुळे हा खटाटोप.

घर बघायला जाल तेव्हा घर बघू नका. एजंट तुम्हाला थेट जिन्याकडे ओढेल, "वर चला साहेब, लेक व्ह्यू हाय." हा लेक व्ह्यू गच्चीतल्या टाकीवर चढून शालिनी पॅलेसच्या दिशेनं मान लांबवली की दिसतो. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडून काठाला जलपर्णी साचली की तो खिडकी लावूनही नाकाला कळतो. तेव्हा खालीच थांबा आणि पार्किंग न्याहाळा. एका खांबाला पाण्याची मोटर, दुसऱ्याला टेकवलेली लोखंडी कॉट, मध्ये बिल्डरच्या उरलेल्या फरशा. कोपऱ्यात ताडपत्रीखाली घरमालकांची बजाज चेतक. टायर बसलेत, किक बसत नाही, पण दसऱ्याला तिच्या हँडलला झेंडूची माळ पडते, म्हणजे ती चालू गाडी धरायची. तिला हलवण्याचा विषयही काढू नका. उरलेल्या जागेत आपली गाडी घाला आणि दार उघडून बाहेर येऊन दाखवा. येता आलं नाही, तर भाडं कमी करायला मुद्दा तरी मिळाला.

आता विचारा, "मामा, गाडी इथंच लावायची न्हवं?" उत्तर येईल, "लावा की! जागा काय कुणाच्या बापाची हाय?" भाबडी माणसं याला होकार समजतात. राहायला गेल्यावर त्या जागी कुणाची तरी बोलेरो उभी असते आणि तक्रार केली की मामा हेच वाक्य पुन्हा ऐकवतात.

म्हणून करार. ११ महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स, नोंदवलेला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे, हे हळू आवाजात सांगा. कितव्या खांबाशेजारची जागा, तेही त्यात लिहून घ्या. काही अभ्यासू भाडेकरू या टप्प्यावर सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल बाहेर काढतात: इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग सामाईक असतं, बिल्डरला ते फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही. निकाल अगदी खरा आहे. पण त्यानं मामांचाच हक्क डळमळतो. मग ते तुम्हाला देणार काय? हुशारी खिशात ठेवा.

मुलाखतीची भीती नको. दुसरीकडे नॉनव्हेज खाता का, असं दरडावून विचारतात. इथं विचारलंच, तर रविवारी पांढऱ्या रश्श्याचं भांडं वर पाठवायचं की नाही, एवढ्यासाठी. खरा पेपर फुटबॉलचा असतो. पाटाकडील का शिवाजी? पेठ कुठली, मामांच्या मागच्या भिंतीवर फोटो कुठल्या संघाचा, हे पाहिल्याशिवाय तोंड उघडू नये. "मी क्रिकेट बघतो" या उत्तरावर सहानुभूती मिळते, पार्किंग नाही.

मध्येच एजंट नदीच्या अंगाला, सुतारवाड्याकडे, निम्म्या भाड्यात ऐसपैस पार्किंग दाखवेल. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ शोधा. रंग ताजा असेल तर जास्तच शोधा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे पाठ असलेला भाडेकरू दिसला की एजंट आपोआप पुन्हा रंकाळ्याकडे वळतो.

जागा मिळाली तरी ती बारमाही नसते. उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या वाळत पडतात, गणपतीत मंडळाचा मांडव गल्ली अडवतो, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या फाटकासमोर लागतात. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गहूभर पुढं आणि तांदूळभर मागं सरकतो, असं जुनी माणसं सांगतात. गाडी काढण्याचा सर्वसाधारण वेग तोच धरून ऑफिसला निघावं.

शेवटचा विधी चावीचा. मागच्याला सकाळी लवकर निघायचं असतं, म्हणून तुमच्या गाडीची जादा चावी घरमालकीण काकींकडे द्यावी लागते. ती देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर लागली की तुम्ही घरचे झालात. मामा अलीकडेच चारचाकी शिकायला लागलेत, ही माहिती काकी त्यानंतर देतात.