आधी दर्शन, मग प्लॉट

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो' वेधशाळेच्या 4-4 किलोमीटरच्या दोन भुजांसाठी जागा ठरवताना शास्त्रज्ञांनी जमिनीची थरथरसुद्धा मोजली. तत्त्वतः मंजुरी 2016ची, 2600 कोटींची अंतिम मान्यता 2023ची. त्याच तालुक्यात जन्मभराच्या घराची जागा मात्र कुटुंब एका रविवारात पसंत करतं: आधी नागनाथाचं दर्शन, मग चुन्याने आखलेल्या ढेकळांत उभं राहून 'इथे देवघर, इथे तुळस'. म्हणाल, घराला कसली आलीय थरथर? कबूल; पण सातबारा तरी वाचाल? अकृषिक परवानगी, रस्ता, 1947चा तुकडेबंदी कायदा, बोअरचं पाणी हे सगळं बाजूला राहतं आणि चौकशी होते एकच: प्लॉट पूर्वमुखी आहे ना? तीही श्रावणात, शिवार हिरवंगार असताना. पाणी आटतं त्या मे महिन्यात मात्र एजंटसुद्धा गाडी काढत नाही.