कापायला काही आहे का?

चाकू जमवतो म्हटलं की समोरचा माणूस आधी अर्धं पाऊल मागे सरकतो आणि मग विचारतो, "पोलीस काही म्हणत नाहीत?" पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. खरं तर दुसऱ्यांना आलेल्या पाकिटांवरची तिकिटं वाफेवर सोडवून घेणारी माणसं मला लहानपणापासून जास्त संशयास्पद वाटत आली आहेत.

असो. म्हणून मी शस्त्रांचे नियमच वाचून ठेवले. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं असेल तर ते हत्यार नियमांच्या कक्षेत येतं; मात्र निव्वळ घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेलं असेल तर सूट आहे. माझा सगळ्यात मोठा चाकू मिटला की सदऱ्याच्या खिशात मावतो, तेव्हा तसं भ्यायचं कारण नाही. पण त्या 'घरगुती'पाशी मी अडखळतो. उद्या कुणी चौकशीला आलंच आणि आईला विचारलं, "आजी, हे घरात वापरता का?", तर पंचाईत आहे. आई खरं बोलणाऱ्यांतली. "हात लावू देईल तर शपथ," असं ती सांगणार आणि वर त्यांना चहा टाकणार.

आम्हा चाकू जमवणाऱ्यांतला खरा वाद मात्र पोलिसांचा नाहीच. संग्रहातला चाकू वापरायचा की कोरा करकरीत ठेवायचा, यावरून आमच्यात दोन तट आहेत. जपणारे वापरणाऱ्यांना रानटी समजतात आणि वापरणारे जपणाऱ्यांना गोदामाचे कारकून.

जपणाऱ्यांची बाजू आधी सांगतो, कारण पैसा तिकडे आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी 'केस' नावाची जुनी कंपनी घडीचे चाकू बनवते. 1970 साली तिने पात्याच्या बुडाशी आपल्या छापाखाली दहा ठिपके टाकले आणि पुढे दर वर्षी एकेक कमी करत नेला. 1979 साली एकच उरला. ठिपके मोजले की चाकूचं जन्मसाल कळतं. नमुन्याचा आकडाही असाच उकलायचा असतो: 6254 मधला 6 म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती आणि 54 हा आकार. इतकं वाचता आलं की माणूस कामातून गेलाच म्हणून समजा.

तिकडे असणाऱ्या भाच्याने माझ्यासाठी आठ ठिपक्यांचा, म्हणजे 1972 चा चाकू आणला. माझंही साल तेच, दुष्काळाचं. आम्ही दोघे समवयस्क. त्याची पाती अजून पूर्ण रुंदीची आहेत, पितळी अस्तर लखलखीत आहे, उघडताना टक् वाजतो आणि मिटताना टक् वाजतो. माझे गुडघेही उठता-बसता दोन्ही वेळा वाजतात, पण त्याला कुणी किंमत देत नाही.

जाणकार गिऱ्हाईक भिंग लावून आधी पात्याची कड बघतं. धारेच्या दगडावरून ते पातं एकदा जरी फिरलेलं असलं तरी त्याला कळतं आणि भाव गडगडतो. थोडक्यात, चाकूची किंमत त्याने काय कापलं यावर ठरत नाही, काय कापलं नाही यावर ठरते. हाच निकष माणसांना लावला तर आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीला लिलावात काढावं लागेल.

या पंथाची परमावधी बघायची तर उत्तर प्रदेशात रामपूरला जावं. तिथला खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने घराघरांत पोचवला. 2023 साली गावाने चौकातच सुमारे 20 फुटांचा रामपुरी उभा केला. तो कधी काही कापणार नाही, ड्रॉवरमध्ये हरवणार नाही आणि शेजारी मागून नेणार नाहीत. जपणाऱ्याला आणखी काय हवं?

माझा एक मित्र याच पंथातला. बँकेतून निवृत्त, राहायला डोंबिवली. त्याचे चाकू मूळ खोक्यात, मूळ कागदात, वर सिलिका जेलची पुडी आणि कपाटाला दोन कुलपं. दाखवायला काढतो तेव्हा आधी सुती हातमोजे घालतो. आपण हात पुढे केला की म्हणतो, "नको, घामात मीठ असतं." हे खरंच आहे, बोटाचा ठसा पुसायचा राहिला तर काही दिवसांनी तोच ठसा पोलादावर गंजात उमटतो. पण माणसाला घरी बोलवायचं, बेसनाचा लाडू हातात द्यायचा आणि मग त्याच हाताकडे असं बघायचं, हे बरं नव्हे.

मी वापरणाऱ्यांतला. निदान मताने तरी. अडचण अशी की वापरायला मुळात काही मिळत नाही. जपणारे ज्या गोष्टीला भितात, ती गोष्ट आमच्या वाट्याला येतच नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. आमच्या स्वयंपाकघरात विळी आईची आहे. तिच्यावर बसून ती कोबी असा चिरते की तो ताटलीत पडल्यावर हवेने हलतो. बायकोकडे पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची दातेरी सुरी आहे. भांड्यांच्या दुकानात बरणीत उभी करून विकतात ती. पिकलेला टोमॅटो ती सुरी ज्या सफाईने कापते तसा माझ्या संग्रहातला एकही चाकू कापत नाही. मी या विषयावर घरात बोलत नाही.

तर मग उरतं काय? पार्सलं. जगभरातले चाकू वापरणारे शौकीन मोठ्या ऐटीत 'आम्ही वापरतो हो' म्हणतात तेव्हा ते बहुतेक वेळा खोक्यांवरची चिकटपट्टी कापत असतात. फार तर सफरचंद. स्वित्झर्लंडच्या सैनिकी चाकूची कथा बघा. 1891 पासून तो सैनिकांना मिळू लागला तो डबाबंद अन्न फोडायला आणि रायफल खोलायला. 1897 साली कार्ल एल्सनर यांनी त्याची अधिकाऱ्यांसाठीची हलकी आवृत्ती नोंदवून घेतली, त्यात बाटलीच्या बुचासाठी मळसूत्र घातलं. आज त्याचा वंशज माझ्या खिशात आहे. रायफल नाही, बुचाच्या बाटलीचा योग क्वचित, आणि डबा म्हणाल तर त्याला वर ओढायची कडी असते. मी त्याने नव्या सदऱ्याच्या कॉलरमागची चिठ्ठी कापतो. पूर्वी फक्त माझ्या सदऱ्याची कापायचो. आता सोसायटीत कुणाकडेही चहाला गेलो की दारातूनच विचारतो, "कापायला काही आहे का?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हल्ली साखळी लावूनच दार उघडायला सुरुवात केली आहे.

एकदाच मला खरं काम मिळालं. चैत्रातलं हळदीकुंकू होतं, आंब्याच्या डाळीसाठी कैरी चिरायची होती आणि आईचा हात दुखत होता. मी माझा ओपिनेल काढला. फ्रान्समधल्या सव्हॉय प्रांतातला, बीचच्या लाकडाची मूठ, साधं कार्बन पोलादाचं पातं. जोसेफ ओपिनेलने 1890 च्या सुमाराला शेतकऱ्यांसाठी घडवलेला हा चाकू अजून जवळपास त्याच रूपात मिळतो. पातं बोटावर मिटू नये म्हणून मानेशी फिरवायचं कडं तेवढं 1955 साली आलं. स्टेनलेस नसलेलं पातं आणि कैरी यांची गाठ पडली की काय होतं ते बघण्यासारखं असतं. पहिल्याच कापाला चकाकी गेली. दुसऱ्या फोडीला कडेवर राखाडी ढग आले, आणि कैरी संपेपर्यंत पात्यावर निळी, जांभळट आणि बुडाशी किंचित पिवळी अशी झाक पसरली. हा गंज नव्हे. उलट हा थर बसला की लाल गंज जरा लांब राहतो. युरोपातले शौकीन हा रंग यावा म्हणून पात्याला मोहरीचा रस आणि व्हिनेगर फासून बसतात. मी खिडकीशी उभा राहून पातं उजेडात फिरवत होतो.

आईने फोडींकडे बघितलं. कडा काळ्या पडल्या होत्या. तिने एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "लोखंड लागतंय." डाळ पुन्हा झाली, विळीवर. पण पातं काय सुरेख दिसत होतं!

खंडेनवमीला मात्र आमचं वाजलं. आईने पाटावर विळी, अडकित्ता, कोयता, शिवणाची कात्री आणि बाबांचा जुना पान्हा मांडला. मी हौसेने माझे चार चाकू शेजारी ठेवले. तिने ते उचलून बाजूला केले. म्हणाली, वर्षभर राबलेल्यांची पूजा असते ही, त्यांना आज विश्रांती. तुझ्या या जहागीरदारांना रोजच नवमी आहे. शेवटी माझ्या तोंडाकडे बघून तिने त्यांना परत पाटावर घेतलं आणि प्रत्येक पात्यावर ओल्या हळदीकुंकवाचं भरघोस बोट ओढलं. कोऱ्या कार्बन पोलादावर! ओलं! आणि दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही! जपणाऱ्यांना ज्या झोपेत घाम फुटतो ती झोप मी त्या रात्री झोपलो. सकाळी तीन पात्यांवर बोटाएवढे डाग होते. डोंबिवलीच्या मित्राला फोटो पाठवला तर त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. देवीला की मला, ते कळलं नाही.

त्या मित्राचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण माझं मत तिथे कायमचं ठरलं. गणपतीनंतर त्याने कपाट उघडलं. सगळं जागच्या जागी होतं: खोकी, कागद, पुड्या. एका चाकूला मधाच्या रंगाची सुंदर मूठ होती, गेल्या शतकातल्या सेल्युलॉइडची. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं. त्या वाफेने आधी त्या चाकूचं स्वतःचं पातं खाल्लं आणि मग शेजारच्या दोघांची. शिकारीचा एक चाकू चामड्याच्या म्यानात होता. चामडं पावसाळी ओल धरून ठेवतं, शिवाय कमावताना त्यात मुरलेली द्रव्यं असतातच. तो म्यानातून निघाला तेव्हा त्याच्या पाठीवर तपकिरी नकाशा उमटलेला. मित्र हातमोजे घालून जमिनीवर बसला होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "पण मी तर हातसुद्धा लावला नव्हता रे!"

नेमकं तेच झालं होतं. वापरलेला चाकू माणूस धुतो, पुसतो, कोरडा करतो, तेलाचं बोट फिरवतो. कोऱ्या चाकूची आठवण फक्त पाहुणे आले की होते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या हवेला खोकं मूळ आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं. माझा ओपिनेलसुद्धा पावसाळ्यात असा फुगतो की पातं मुठीतून निघतच नाही. मग सव्हॉयच्या पद्धतीप्रमाणे मुठीचं टोक टेबलावर आपटून ते सुटं करावं लागतं. पण निदान आपटायला मी रोज तिथे असतो.

काही जण मधला मार्ग सुचवतात: एक वापरायला घ्यावा, दुसरा ठेवायला. मी हा मार्ग धरून पाहिला. वापरायचा इतका सुंदर रंगला की तोही ठेवावासा वाटला, म्हणून वापरायला तिसरा आणला. बायकोने तिन्ही बघून विचारलं, "आणि वांगी चिरायला?"

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहून या. कवी असलेल्या दिनकर केळकरांनी, म्हणजे 'अज्ञातवासीं'नी, लोकांच्या घरातले दिवे, वज्र्या, अडकित्ते हयातभर हिंडून गोळा केले आणि 1975 साली तो खजिना सरकारला देऊन टाकला. लोकांनी पानसुपारी खाताना हातात धरले, तेच हे अडकित्ते. ते सगळे खोक्यात कोरे राहिले असते तर केळकरांनी त्यांच्यासाठी एवढी पायपीट केली असती, असं मला वाटत नाही.

तेव्हा माझा निकाल वापरण्याच्या बाजूने आहे. अपवाद आठ ठिपकेवाल्याचा. तशी जोडी आता पुन्हा मिळायची नाही म्हणून एक दिवसही नोकरी न करता त्याला मी पेन्शन दिलं आहे. मात्र दर आठवड्याला तो उघडून, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवतो. बाकीच्यांना कामावर रुजू व्हावं लागेल. तुमच्याकडे असा कोरा चाकू असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत तो चामड्यातून बाहेर काढा, सेल्युलॉइडची मूठ असेल तर इतरांपासून लांब ठेवा आणि अधूनमधून एखादं सफरचंद कापा. कैरीच्या वाटेला जाऊ नका, निदान पाहुणे जेवायला असतील तेव्हा. आणि घरी पार्सल आलं असेल, चिकटपट्टी निघत नसेल, तर मला कळवा. संध्याकाळी सहानंतर मी मोकळाच असतो.